चित्रकार्डांतली मुंबई, अल्बममधली माणसे

मुंबईच्या जुन्या चित्रकार्डांचा, म्हणजे एका बाजूस चित्र वा छायाचित्र छापलेल्या पोस्टकार्डांचा, काळ ठरवताना इमारतींइतकाच रस्ताही बोलका ठरतो. ट्राम घोडे ओढत असतील तर ते दृश्य १९०७ साली विजेची ट्राम सुरू होण्यापूर्वीचे, आणि अपोलो बंदरावर गेटवे ऑफ इंडियाची कमान नसेल तर ती पूर्ण झाली त्या १९२४ सालापूर्वीचे मानावे लागते. मात्र एकच छायाचित्र वर्षानुवर्षे छापले जाई, त्यामुळे टपालाच्या शिक्क्यावरून दृश्य त्यानंतरचे नाही एवढेच सिद्ध होते.

चित्रकार म. वि. धुरंधर यांनी मुंबईच्या लोकजीवनाची जी चित्रे कार्डांसाठी काढली, ती देखणी आहेत, पण त्यांत माणूस नमुना म्हणून येतो, नावानिशी नव्हे. ही उणीव घरातील फोटो भरून काढतात, अर्थात मागे कोणी पेन्सिलीने नावे लिहून ठेवली असतील तरच. खुर्चीत बसलेले पागोटेधारी आजोबा, शेजारी नऊवारीतली आजी, पायांत नवे, चावणारे बूट घातलेला नातू, आणि मागे जिना व खांब रंगवलेला पडदा, अशी मांडणी स्टुडिओत ठरलेली असे. हाच पडदा, त्याच चुणीसह, दोन भिन्न घरांच्या अल्बमांत आढळला, तर दोन्ही कुटुंबे बहुधा एकाच स्टुडिओची गिऱ्हाइके होती, असे अनुमान काढता येते. फोटो चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर पत्त्याचा ठसा शाबूत असल्यास स्टुडिओची पेठ किंवा गल्लीही सापडते.