केकोसाठी खाऊचे पैसे

जुलै १९९३ मध्ये अमेरिकेत ‘फ्री विली’ नावाचा चित्रपट लागला. तलावात कोंडलेल्या विली नावाच्या ओर्का देवमाशाला एक बारा वर्षांचा मुलगा समुद्रात सोडून देतो, एवढीच त्याची गोष्ट. शेवटी विली दगडी बंधाऱ्यावरून झेप घेतो आणि निसटतो. त्यानंतर पडद्यावर एक दूरध्वनी क्रमांक येत असे: देवमाशांसाठी काही करायची इच्छा असेल तर इथे फोन करा. त्या क्रमांकावर तीन लाखांहून अधिक फोन आले. पोरांचा प्रश्न अगदी सरळ होता. चित्रपटातला विली सुटला. पण त्याचं काम करणारा खरा प्राणी कुठे आहे?

खरा प्राणी मेक्सिको सिटीत होता. नाव केको. १९७९ मध्ये, जेमतेम दोन वर्षांचा असताना, आइसलँडच्या समुद्रात तो जाळ्यात सापडला. त्याआधी असली पिल्लं अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरून पकडली जात. १९७६ मध्ये तिथे लोकांनी आरडाओरडा करून ती शिकार बंद पाडली, तेव्हा व्यापाऱ्यांनी आइसलँड गाठलं. केको आधी कॅनडातल्या एका मत्स्यालयात गेला आणि १९८५ मध्ये मेक्सिकोतल्या ‘रेइनो आवेंतुरा’ या करमणूक उद्यानात आला. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच असलेलं शहर, डॉल्फिनसाठी बांधलेला उथळ तलाव, मीठ कालवलेलं कोमट पाणी आणि उत्तर अटलांटिकच्या गारठ्यासाठी घडलेला देह. पाठीवरचा उंच पर एका बाजूला कलंडलेला, अंगभर विषाणूमुळे उठलेले चामखिळीसारखे फोड, आणि वजन असायला हवं त्याहून बरंच कमी.

ही हकिगत छापून आली आणि शाळाशाळांतून पैसे गोळा होऊ लागले. वर्गात डबे ठेवले गेले. घरी भाजलेली बिस्किटं मधल्या सुटीत विकली गेली. सेंट-सेंट साठवलेल्या गल्ल्यांची नाणी टेबलावर ओतली गेली. अमेरिकेत सुरू झालेली ही लाट इतर देशांतही पोचली. एका प्राण्यासाठी इतक्या शाळांनी एकाच वेळी पैसे जमवल्याचं दुसरं उदाहरण सहज आठवत नाही.

पण जमाखर्चाची वही उघडली तर चित्र जरा वेगळं दिसतं. १९९४ च्या अखेरीस ‘फ्री विली–केको फाउंडेशन’ स्थापन झालं ते चाळीस लाख डॉलरच्या बळावर. त्यातले वीस लाख चित्रपटाच्या निर्मात्यांचे आणि वीस लाख मोबाइल फोनच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या क्रेग मॅककॉ यांचे. अमेरिकेतल्या ‘ह्युमेन सोसायटी’ने आणखी दहा लाख दिले. ओरेगॉन राज्यात न्यूपोर्टच्या मत्स्यालयात केकोसाठी जो नवा तलाव बांधला, त्यालाच त्र्याहत्तर लाख डॉलर लागले. असल्या आकड्यांपुढे पोरांच्या नाण्यांची ती काय किंमत?

किंमत होती, फक्त ती रकमेत मोजता येत नव्हती. चित्रपटाने जगभर १५ कोटी डॉलरहून अधिक कमावले होते. ज्याच्या जिवावर ते कमावले, तो प्राणी उथळ तलावात आजारी पडून आहे आणि त्याच्यासाठी दुसरी-तिसरीतली मुलं खाऊचे पैसे देताहेत, हे दृश्य कोणत्याही कंपनीला परवडणारं नव्हतं. मोठ्यांचे खिसे मोकळे झाले त्यामागे मुलांच्या डब्यांचा धाक होता. रेइनो आवेंतुरानेही केकोला विकलं नाही, देऊन टाकलं.

७ जानेवारी १९९६ रोजी केकोला घेऊन हर्क्युलिस जातीचं मालवाहू विमान ओरेगॉनला उतरलं. त्या वेळी त्याचं वजन साधारण साडेतीन टन होतं. नव्या तलावात शेजारच्या याक्विना खाडीतलं गार, खारं पाणी खेळवलेलं होतं. त्वचेवरचे फोड हळूहळू गेले, दोन वर्षांत वजन जवळजवळ टनाने वाढलं, आणि तो जिवंत मासा पकडायला शिकू लागला. त्याला बघायला येणाऱ्यांची न्यूपोर्टमध्ये रीघ लागली. मग वादही झाला. हा प्राणी इथेच सुखात आहे, त्याला कशाला हलवता, असं काहींचं म्हणणं पडलं. पण मुलांना दिलेलं वचन समुद्राचं होतं. सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या विमानातून केको आइसलँडच्या हेइमाए बेटावर पोचला. क्लेट्सविक खाडीत त्याच्यासाठी जाळ्यांचा वाडा तरंगत ठेवला होता. एकोणीस वर्षांनी तो जन्मभूमीच्या पाण्यात उतरला.

खर्चाची खरी परीक्षा इथून पुढे होती. तलाव एकदा बांधून होतो. वाट पाहण्याचा खर्च मात्र रोजचा असतो. बोटी, पाणबुडे, मासळी, पशुवैद्य, उपग्रहाशी जोडलेलं यंत्र, आणि अंतच न दिसणारं प्रशिक्षण. प्रशिक्षक त्याला बोटीमागून खुल्या समुद्रात नेत आणि रानटी ओर्कांच्या कळपाजवळ सोडत. तो त्यांच्यापासून अंतर राखून राही आणि बोटीकडे परत येई. २००१ च्या सुमारास शेअर बाजारातले तंत्रज्ञान कंपन्यांचे भाव कोसळले, मॅककॉ यांनी हात आखडता घेतला आणि काम तुटपुंज्या पैशांवर आलं. शाळांतले डबे केव्हाच रिकामे होऊन कपाटात गेले होते. दुसरी-तिसरीतली ती पोरं एव्हाना हायस्कुलात होती.

२००२ च्या उन्हाळ्यात केको एकदाचा निघाला. हजार किलोमीटरहून अधिक अंतर एकटाच पोहून तो सप्टेंबरच्या सुरुवातीला नॉर्वेच्या हाल्सा भागातल्या एका फियॉर्डमध्ये शिरला. तिथे पोचला तेव्हा तो अशक्त नव्हता, म्हणजे वाटेत काही ना काही मासे त्याने पकडले असणार. पण आल्या आल्या त्याने शोधली ती माणसं. मुलं त्याच्या पाठीवर चढून बसू लागली, तेव्हा जवळ जायला सरकारला बंदी घालावी लागली. पुढचं वर्षभर काळजीवाहू त्याला मासळी घालत राहिले. १२ डिसेंबर २००३ रोजी न्यूमोनियाने तो गेला. वय सुमारे सत्तावीस. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आइसलँडने संशोधनाच्या नावाखाली देवमाशांची शिकार पुन्हा सुरू केली होती. एका ओर्कासाठी जगाने सुमारे दोन कोटी डॉलर खर्चले, आणि ज्या समुद्रात त्याला सोडलं तिथेच मिंक देवमाशांवर पुन्हा हार्पून रोखले गेले.

२००९ मध्ये या प्रयोगात सामील असलेल्या काही शास्त्रज्ञांनी शोधनिबंध लिहून निकाल दिला: केको रानटी ओर्कांत कधीच मिसळला नाही, आणि माणसावरचं त्याचं अवलंबन सुटलं नाही. बालपणीच पकडलेला, कळपाची भाषा विसरलेला, घरचे कोण हे कुणालाच ठाऊक नसलेला प्राणी यासाठी योग्य नव्हता.

योग्य प्राणी कसा असतो हेही त्याच काळात दिसलं. जानेवारी २००२ मध्ये सिअॅटलजवळच्या खाडीत ओर्काचं एक पोरकं पिल्लू भरकटत आलं. तिचं नाव स्प्रिंगर. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरच्या ओर्कांची कुळं संशोधकांनी १९७० च्या दशकापासून छायाचित्रं काढून आणि आवाज टिपून नोंदवली होती, त्यामुळे हिचं घर कुठलं हे कळलं. जूनमध्ये तिला पकडून उपचार केले, जुलैत बोटीने उत्तरेला नेलं. तिथल्या नमगिस आदिवासींनी तिच्या वाड्यात सॅमन सोडले. दुसऱ्याच दिवशी नात्यातले ओर्का जवळून जाताना दिसले आणि तिला मोकळं केलं. काही आठवड्यांत ती कळपात रुळली. २०१३ मध्ये तिला पहिलं पिल्लू झालं, २०१७ मध्ये दुसरं. केकोच्या वाट्याला आलेला पैसा स्प्रिंगरला लागलाच नाही. तिच्या कामी आल्या त्या तीस वर्षांच्या नीरस नोंदवह्या. पण नोंदवह्यांसाठी वर्गात डबा फिरवायचं कोणाला सुचतं?

मग केकोवरचा पैसा पाण्यात गेला का? मला तसं वाटत नाही. मेक्सिकोतल्या तलावात तो फार जगला नसता. त्याला सात-आठ वर्षांचं बरं आयुष्य मिळालं, त्यातली पाच समुद्रात. शिवाय ओर्काला तलावात ठेवणं योग्य की अयोग्य, हा प्रश्न घरोघरी पोचला. चूक झाली ती मोठ्यांकडून: चित्रपटाचा शेवट पोरांना दाखवला, पण पुढची वही दाखवली नाही.

आपल्या कोकणात ही वही वाचता येते. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं राखण सुरू केलं, ते ज्या गावातून अंडी चोरीला जात त्याच गावाला हाताशी धरून. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला येणाऱ्या शाळांच्या सहलींचे पैसे गावकऱ्यांच्या घरात, राहण्याजेवणापोटी जातात. कासव टिकलं तर गावाची कमाई टिकते. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने योजना आणली: जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मासा (व्हेल शार्क) अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. २०२२ च्या जानेवारीत वेळासला उपग्रह यंत्र बसवून सोडलेल्या पहिल्या मादीचं नाव ‘प्रथमा’ ठेवलं. नाव असलेल्या प्राण्यावर मुलांचा जीव जडतो, हे खरंच आहे. पण प्रथमेला वाचवतो तो जाळं कापणारा हात, आणि त्या हाताला जाळ्याची किंमत मिळावी लागते.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. समुद्रातल्या जिवांसाठी वर्गात पैसे जमवायचे असतील तर जरूर जमवा. मात्र डबा ठेवण्याआधी मुलांकडूनच तीन प्रश्न विचारून घ्या: हा पैसा नेमका कोणाच्या हातात जाणार, त्यातून रोजचं काम कोणतं होणार, आणि पुढच्या वर्षी ते काम कोण चालवणार? उत्तरं लेखी मागवा, फळ्याशेजारी लावा, आणि वर्षअखेरीस त्याच मुलांना हिशेब वाचून दाखवा. रक्कम पाचशे रुपयांची असली तरी चालेल. हिशेब मागायची सवय लागलेली मुलंच मोठेपणी समुद्राच्या वतीने सरकारला आणि कंपन्यांना जाब विचारतील.