'निर्भीक' आणि वेळणेश्वरची खारी हवा

आमच्या कोकणातल्या वेळणेश्वरात बंदूक म्हटली की आठवते ती वानर-डुकरांसाठीची, शेतसंरक्षण परवान्यावरची ठासणीची. त्या परवान्यावर रिव्हॉल्वर मिळत नाही, मंडळी! त्याला स्वसंरक्षणाचा परवाना लागतो आणि जिवाला धोका असल्याचं पटवून द्यावं लागतं.

तो परवाना असेल आणि रोज कमरेला बाळगायचं असेल, तर माझं मत कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीच्या 'निर्भीक' रिव्हॉल्वरला. २०१४ साली आलं. .३२ बोअर, सहा गोळ्या, टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन जेमतेम अर्धा किलो. किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. महिलांसाठी म्हणून गाजावाजा झाला, ते सोडा. शस्त्र हलकं की हातात उसळी जास्त; .३२ चा धक्का मुळात सौम्य, हे इथे पथ्यावर पडतं. घोडा न चढवता चाप ओढायला मात्र बोटात जोर हवा. लांबच्या नेमाची हौस असेल त्यांनी याचा नाद सोडावा.

आणि आपली खारी हवा? चामड्याचं होल्स्टर ओल धरतं. घरी आलात की आधी गोळ्या काढा, मग सिलिंडरचं प्रत्येक घर कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा पातळ हात द्या. होल्स्टरमध्येच कुलूपबंद ठेवू नका. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश आला, तरी देण्याआधी तेल लावाच.