स्निग्ध कुपीतील औषध

पणजीच्या जुन्या इमारतींच्या वळचणीला पारवे वस्ती करून असतात. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाचे यीस्ट वाढू शकते. त्याचे सूक्ष्म कण श्वासावाटे छातीत जातात. निरोगी माणसाला त्यांचा उपद्रव बहुधा होत नाही. परंतु एड्समुळे किंवा दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडमुळे ज्याची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे, त्याच्या मेंदूच्या आवरणापर्यंत हे यीस्ट पोहोचू शकते. वेळीच उपचार न झाल्यास त्यातून मृत्यू ओढवतो.

जंतूंना गिळून नष्ट करणे हे शरीरातील भक्षक पेशींचे काम होय. हे यीस्ट मात्र गिळले गेल्यावरही पेशीच्या पोटात जिवंत राहते व तेथेच वाढते. चोराने पहारेकऱ्याच्याच घरी बिऱ्हाड करावे, तसा हा प्रकार आहे.

ह्या रोगावरील जुने औषध म्हणजे अँफोटेरिसिन-बी. १९५०च्या दशकात व्हेनेझुएलाच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ते मिळाले. बुरशीच्या आवरणातील अर्गोस्टेरॉल ह्या घटकाला ते चिकटते आणि आवरण निकामी करते. परंतु त्याने मूत्रपिंडांनाही इजा होते. त्यामुळे मात्रा वाढविण्यास मर्यादा पडते.

१९६०च्या दशकात इंग्लंडमधील अलेक बँगहॅम यांनी दाखवून दिले की, काही स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळताच त्यांच्या अतिसूक्ष्म पोकळ कुप्या बनतात. ह्यांनाच लायपोसोम म्हणतात. कुपीच्या भिंतीत औषध बसविले की मूत्रपिंडांची हानी पुष्कळ कमी होते. शिवाय परकी वस्तू गिळणे हा भक्षक पेशीचा स्वभावच. ती कुपीही गिळते आणि औषध शत्रूच्या लपण्याच्या जागीच जाऊन पोहोचते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे औषध तयार करून रुग्णांवर त्याच्या चाचण्या घेतल्या.

एचआयव्हीबाधितांच्या ह्या मेंदूज्वरासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली लायपोसोमयुक्त औषधाची एकच मोठी मात्रा, वजनाच्या दर किलोस १० मिलिग्रॅम, सुचविली. जोडीला दोन आठवडे तोंडावाटे घ्यावयाची दोन औषधे. मात्र ही कुपी महाग आहे. २०२१ साली काळ्या बुरशीच्या साथीत देशभर तिचा तुटवडा पडला, तेव्हा रुग्णांच्या नातलगांना तिच्यासाठी वणवण करावी लागली.

म्हणून पेडणे असो वा डिचोली, प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या माणसाचे डोके आठवडाभर दुखत राहिले व ताप उतरेना, तर घरगुती गोळ्यांवर दिवस काढू नयेत. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयात रक्ताची व पाठीच्या कण्यातील द्रवाची तपासणी वेळेवर करून घ्यावी. रोग लवकर ओळखला गेला, तरच ह्या औषधाचा खरा उपयोग होतो.