सॉस, फ्रेंच
मांस, मासे, अंडी किंवा भाज्या यांवर ओतण्यासाठी अथवा त्यांच्याबरोबर वाढण्यासाठी फ्रेंच पाकपद्धतीने तयार केलेले दाट, रसाळ पूरक पदार्थ. ‘सॉस’ ही संज्ञा ‘मिठवलेला’ या अर्थाच्या ‘साल्सा’ या लॅटिन शब्दावरून आली. मध्ययुगीन फ्रान्समधील सॉस आंबट व मसालेदार असत आणि ते दाट करण्यासाठी पाव वापरीत. सतराव्या शतकात हे वळण पालटले. ला व्हारेन याच्या ल क्विझिनिए फ्रांस्वा (१६५१) या ग्रंथात चरबीत परतलेल्या पिठाने रस दाट करण्याची कृती आढळते.

मारी आंत्वान कारेम (१७८४–१८३३) याने एस्पान्योल, व्हलूते, आलमांद व बेशामेल हे चार मूळ सॉस ठरवून इतर सॉस त्यांपासून साधित मानले. ऑग्यूस्त एस्कॉफ्ये (१८४६–१९३५) याने आपल्या ल गीद क्युलिनेर (१९०३) या ग्रंथात आलमांदला व्हलूतेचा उपप्रकार ठरविले आणि टोमॅटोच्या सॉसला मूळ सॉसांत स्थान दिले. हॉलंडेझ धरून मूळ सॉस पाच, अशी मांडणी आज रूढ आहे.

बहुतेक सॉसांचा पाया म्हणजे हाडांचा अर्क. तो मंदाग्नीवर कित्येक तास शिजवितात व वर येणारा मळ वरचेवर काढतात. खळखळ उकळल्यास चरबी व मळ त्यात मिसळून अर्क गढूळ होतो. एस्पान्योलसाठी हाडे आधी भाजून घेतात. व्हलूतेसाठी भाजत नाहीत. बेशामेलमध्ये अर्काऐवजी दूध असते.

या तिन्ही सॉसांना दाटपणा ‘रू’ मुळे येतो. समभाग लोणी व गव्हाचे पीठ एकत्र परतून रू करतात. पीठ थेट गरम रसात टाकले, तर कणांचा बाहेरचा थर तत्काळ फुगतो, आतील पीठ कोरडे राहते व गुठळ्या होतात. रूमध्ये प्रत्येक कणाभोवती स्निग्धाचे आवरण असल्याने कण सुटे राहतात व नंतर सावकाश फुगतात. एक लिटर दुधास साधारणपणे ५० ते ६० ग्रॅ. पीठ व तेवढेच लोणी पुरते. एस्पान्योलसाठी रू तांबूस होईपर्यंत परततात. त्यामुळे स्वाद खुलतो. पण उष्णतेने स्टार्चचे विघटन होऊन त्याची दाट करण्याची शक्ती घटते, म्हणून असा रू अधिक लागतो. कच्च्या पिठाचा वास जाण्यास सॉस पुढेही बराच वेळ शिजवावा लागतो. घाईने उतरविलेला बेशामेल खळीसारखा लागतो.

हॉलंडेझचे तत्त्व निराळे आहे. तो पायस असून त्यात वितळलेल्या लोण्याचे सूक्ष्म थेंब अंड्याच्या बलकातील लेसिथीन व प्रथिने यांच्या साह्याने पाण्यात विखुरलेले असतात. बलक, थोडे पाणी व लिंबाचा रस हे गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात फेटून त्यांत लोण्याची बारीक धार सोडतात. सॉस बिघडण्याचे प्रकार दोन असून ते वेगळे ओळखणे महत्त्वाचे आहे. लोणी भराभर ओतल्यास किंवा पाणी कमी पडल्यास पायस फुटते व स्निग्ध वेगळे होते. चमचाभर पाण्यात वा ताज्या बलकात ते थोडेथोडे फेटून पुन्हा जुळविता येते. उष्णता सु. ७०° से. पलीकडे गेल्यास मात्र बलक साकळतो आणि त्यावर उपाय नसतो. मेयोनेझ हे असेच, परंतु थंड व तेलाचे पायस आहे. ते एकाच दिशेने ढवळावे लागते, ही समजूत निराधार आहे.

साधित सॉस पुष्कळ आहेत. बेशामेलमध्ये चीज घातल्यास मॉर्ने, कोंबडीच्या व्हलूतेत साय घातल्यास स्यूप्रेम आणि हॉलंडेझच्या पद्धतीत लिंबाऐवजी व्हिनेगर, शॅलट कांदे व टॅरॅगॉन यांचा आटविलेला रस वापरल्यास बेआर्नेझ होतो.

पिठाने अर्काची चव झाकली जाते, हा आक्षेप जुना आहे. पिठातील स्टार्चच काय तो उपयोगी, तेव्हा शुद्ध स्टार्च घेणे बरे, असे खुद्द एस्कॉफ्येनेच सुचविले होते. १९७३ मध्ये आंरी गो व क्रिस्त्यां मियो यांनी पुरस्कारिलेल्या ‘नूव्हेल क्विझीन’ या नव्या पाकसंप्रदायाने पिठाचे जड सॉस त्याज्य ठरविले. त्यांच्या जागी आटविलेला अर्क, साय व लोणी आली. असे सॉस हलके मानले गेले, तरी सायलोण्याचे त्यांतील प्रमाण पाहता ते विशेषण चवीपुरतेच खरे आहे. अर्क आटविताना मीठही दाट होत जाते. म्हणून ते शेवटीच घालतात.