साखरेवर उतारा: सुरी की उपास?

पनवेल स्थानकाबाहेर तीन वडापाव खाल्ले, की साधारण नऊशे कॅलरी पोटात जातात. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत टाइप २ मधुमेहींना अख्ख्या दिवसाला याहून कमी, ८२५ ते ८५३ कॅलरी मिळत; त्याही सूप आणि शेकमधून, तीन ते पाच महिने. मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद. २०१७ साली निकाल आला: वर्षअखेरीस ४६ टक्के जणांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता. पंधरा किलो किंवा अधिक वजन घटवलेल्यांत हेच प्रमाण ८६ टक्के.

दुसरा मार्ग ऑपरेशनचा. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. त्यानंतर काही दिवसांतच, वजन फारसे उतरण्याआधी, साखर खाली येते. म्हणून श्रेय आतड्यातल्या संप्रेरकांना दिले जाई. पण न्यूकॅसलच्या प्रा. रॉय टेलर यांनी २०११ मध्ये दाखवले, की रोज सहाशे कॅलरींवर राहिल्यास आठवडाभरातच यकृतातली चरबी घटते आणि उपाशीपोटीची साखर ताळ्यावर येते. ऑपरेशननंतरही माणूस जेमतेमच खातो!

२०२० मध्ये सेंट लुईसच्या संशोधकांनी सरळ तुलना केली. अकरा जणांनी आहाराने, अकरा जणांनी बायपासने सारखेच, सुमारे १८ टक्के वजन उतरवले. इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद आणि स्वादुपिंडाचे काम दोन्ही गटांत सारखेच सुधारले.

म्हणजे खरा गुण वजन उतरण्याचा. पण ‘मी कुठे जाडा आहे?’ असे म्हणून आपण सुटत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३ होता; चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. ‘लॅन्सेट’ने २००४ मध्ये दोघांचा फोटोच छापला.

मग निवडायचे काय? घटलेले वजन टिकवण्यात ऑपरेशन सरस. पण व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर चिकटतात. आहारात खरी कसोटी नंतरची: ‘डायरेक्ट’मध्ये दुसऱ्या वर्षी ४६चे ३६ टक्के झाले. वजन बरेच जास्त असेल, तर सर्जनचा सल्ला घ्यावा. टाइप २ मधुमेहाचे निदान नुकतेच झाले असेल, तर आधी आहार करून पाहावा. मात्र इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना मनाने उपास धरू नका. साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या, आणि साखर ताळ्यावर आली तरी दरवर्षी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासत राहा.