घोट्याचा अस्थिभंग : पट्टीचे कार्य आणि तिची मर्यादा

रोहे शहराला लागून असलेल्या वरसे गावाच्या परिसरात पावसाळ्यात शेताच्या बांधावरून पाय निसटणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. पाऊल चिखलात रुतून राहते, शरीर मात्र वळते. त्या क्षणी होणाऱ्या दुखापतीला बोलीत ‘घोटा मोडला’ असे म्हणतात. या शब्दप्रयोगावरून एकच हाड मोडले असावे असा ग्रह होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. मराठीत ‘घोटा’ हा शब्द पायाच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांना आणि त्यांमधील सांध्यालाही लावला जातो. आतील उंचवटा जंघास्थीचा, बाहेरील अनुजंघास्थीचा. जंघास्थीच्या मागील कडेला शल्यविशारद तिसरा घोटा मानतात. या तिहींच्या खोबणीत घुटिकास्थी बसते आणि अस्थिबंध ती खोबणी आवळून धरतात.

गुंतागुंतीच्या भंगात दोन किंवा तिन्ही घोटे मोडतात, अस्थिबंध तुटतात व घुटिकास्थी जागेवरून सरकते. सुश्रुतसंहितेने भग्नाचे ‘सन्धिमुक्त’ व ‘काण्डभग्न’ असे दोन वर्ग करून त्यांचे अनुक्रमे ६ व १२ प्रकार सांगितले आहेत. प्रस्तुत दुखापत एकाच वेळी दोन्ही वर्गांत पडते.

आधुनिक वर्गीकरणाच्या दोन पद्धती विशेष रूढ आहेत. दानिस यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या व वेबर यांनी पुढे १९७२ मध्ये विस्तारलेल्या पद्धतीत, अनुजंघास्थी सांध्याच्या पातळीच्या खाली, त्याच पातळीवर की वर मोडली, हे पाहतात. लाउगे-हान्सेन यांनी १९५० मध्ये पाऊल कोणत्या स्थितीत होते व त्यावर कोणत्या दिशेने जोर आला, यांवरून भंगांना नावे दिली. पहिले नाव स्थान सांगते, दुसरे घटनाक्रम. कोणते अस्थिबंध तुटले असावेत याचा अंदाज दोहोंच्या आधारे बांधता येतो.

या भंगात अचूक जुळणीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर रॅम्सी व हॅमिल्टन यांच्या १९७६ च्या प्रयोगात मिळते. घुटिकास्थी केवळ १ मिलिमीटर बाहेर सरकली तरी सांध्यातील संपर्कक्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटते, असे त्यांस आढळले. उरलेल्या भागावर भार एकवटून पुढे सांधा झिजण्याचा धोका संभवतो. म्हणून सूज ओसरून त्वचेवर सुरकुत्या दिसू लागल्यावर, बहुधा प्रथम अनुजंघास्थी मूळ लांबीत आणून तिच्यावर बाहेरून वा मागून धातूची पट्टी बसवितात. आतील घोटा स्क्रूंनी, मागील घोटा स्क्रू वा आधारपट्टीने पक्का करतात. दोन हाडांना जोडणारे अस्थिबंध फाटले असल्यास आडवा स्क्रू वा मजबूत दोरा घालावा लागतो. हाड ठिसूळ झालेले असल्यास, स्क्रूची डोकी पट्टीतच अडकणारी विशेष प्रकारची पट्टी उपयोगी पडते.

येथे भाषेतील दुसरा गैरसमज उद्भवतो. ‘पट्टी टाकली, पाय जोडला’ असे घरी सांगितले जाते. वस्तुतः पट्टी हाड जोडीत नाही. हाड स्वतःच जुळते, आणि तोवर पट्टी त्यास जागेवर धरून ठेवते. जुळण्यापूर्वी वारंवार भार पडल्यास धातू थकून तुटतो किंवा स्क्रू ढिले होतात. साधारणतः दोन आठवड्यांनी टाके काढतात. भार टाकण्यास पुष्कळदा सहा आठवड्यांनंतर, क्रमाक्रमाने, परवानगी मिळते. भंग स्थिर असल्यास ती लवकर, मधुमेह असल्यास उशिरा मिळू शकते. धूम्रपानाने जुळणी मंदावते. सूज काही महिने राहते. पूर्ण सुधारणेस वर्षही लागते.

भार न टाकणे म्हणजे हालचाल न करणे नव्हे, हा भेदही तितकाच महत्त्वाचा होय. वैद्यकीय अनुमतीनंतर पाऊल वर-खाली हलविले नाही तर सांधा आखडतो. खुर्चीवर बसून काम करणाऱ्यास ही उणीव फारशी जाणवणार नाही. परंतु उकिडवे बसण्यास व भातलावणीस पाऊल वर वाकणे आवश्यक असते. वरशाच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने क्ष-किरण चित्रातील सरळ रेषा ही उपचाराची अर्धीच बाजू होय. तो पुन्हा बांधावरून चालून खाचरात उतरू शकतो की नाही, यावरच उरलेली अर्धी ठरते. त्यासाठी ‘पट्टी धरते, हाड जुळते’ हे वाक्य त्यास शस्त्रक्रियेपूर्वीच त्याच्या भाषेत सांगितले जाणे अगत्याचे आहे.