तोंड आलंय? आधी दिवस मोजा

इगतपुरीत पावसाळ्यात दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, तरी तोंड आलं की निदान ठरलेलं: उष्णता वाढली. ही उष्णता हवेची नव्हे, अंगातली, असं कुणी म्हणेल. पण तेवढ्यावर थांबलं की खरी कारणं राहून जातात: गालाला घासणारी दाताची धार, जागरण, ताण, लोह, फॉलिक अ‍ॅसिड किंवा बी-१२ ची कमतरता, काही वेदनाशामक गोळ्या. बी-कॉम्प्लेक्सने बरं वाटतं, हा अनुभव खोटा नाही. मात्र लाल कडेचा, मध्ये पिवळट, मसुराएवढा साधा व्रण ७ ते १४ दिवसांत आपोआपच भरतो आणि श्रेय गोळीला मिळतं. कमतरता असेल तर गोळी खरंच उपयोगी. म्हणून वारंवार तोंड येणाऱ्याने रक्त तपासून घ्यावं. तोवर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तिखट बंद, आणि डॉक्टरांनी दिलंच तर जागा टिपून कोरडी करून लावायचं मलम.

माझा खरा आग्रह दिवस मोजण्याचा आहे, आणि त्याचं कारण तंबाखू. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण तंबाखू-चुना आणि मिश्री सुटलेली नाही. "दुखत नाही, मग कशाला दाखवायचं?" हा प्रश्न इथे घातक ठरतो, कारण तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखतोच असं नाही. कडा टणक झालेला किंवा ३ आठवड्यांनंतरही न भरलेला व्रण असेल तर ग्रामीण रुग्णालयात किंवा नाशिकला जिल्हा रुग्णालयात दाखवा. गरज वाटल्यास तिथले डॉक्टर लहानसा तुकडा काढून तपासायला सांगतील.